खाडीच्या तळाचा हिशेब

कोकणातल्या खाडीकाठच्या मोहल्ल्यात वाढलेल्या मुलाला ‘सक्शन’ हा शब्द इंग्रजी आहे, हे बहुधा शाळेत आल्यावरच कळते. त्याआधी तो भरती, ओहोटी, उधाण यांच्यासारखाच त्याच्या कानावर पडलेला असतो. “आज सक्शन चालू आहे”, “काल रात्री सक्शन पकडला”, “अमक्याच्या मुलाला सक्शनवर काम लागले” अशी वाक्ये आमच्याकडे रोजची. मागे एकदा नववीच्या वर्गात सुएझ कालव्याचा धडा चालू असताना मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, सक्शन कोणी काढला?” त्या वेळी आम्हाला उत्तर देता आले नाही. पुढे सवडीने वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की या यंत्राची दास्तान आमच्या खाडीपेक्षा बरीच जुनी आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. पंपाच्या पोटात पाती असलेले चाक फिरते. ते पाणी कडेला फेकते, मध्ये पोकळी होते आणि नळीतून नवे पाणी वर ओढले जाते. म्हणजे सक्शन वाळू ओढत नाही, पाणी ओढतो. नळीचे तोंड तळाला टेकवले की त्या पाण्याच्या ओढीबरोबर वाळू येते. वर बार्जमध्ये वाळू खाली बसते आणि पाणी काठावरून परत खाडीत जाते. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात जॉन जॉर्ज ॲपोल्ड याने वक्र पात्यांचा पंप मांडला आणि अशा पंपाची ताकद पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरली. पुढच्या काही वर्षांतच तो गाळ-वाळू काढण्याकडे वळवण्याचे प्रयोग सुरू झाले. सुएझवर मात्र जे ड्रेजर गाजले ते साखळीला बादल्या लावलेले होते, सक्शनचे नव्हते. हे त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी सांगितले.

सक्शनचे खरे नाव झाले ते लिव्हरपूलला. मर्सी नदीच्या मुखाबाहेर वाळूचा मोठा आडवा बांध होता. खोल ओहोटीला त्यावर जेमतेम ११ फूट पाणी असे. अटलांटिक ओलांडून आलेल्या मोठमोठ्या आगबोटी बंदर डोळ्यांसमोर असूनही भरतीची वाट बघत बाहेर ताटकळत. १८९० मध्ये बंदराच्या मंडळाने लहान बार्जवर पंप बसवून पाहिले. वाळू निघते असे दिसल्यावर १८९३ मध्ये ‘ब्रँकर’ नावाचा खास ड्रेजर आणला. तो सुमारे पाऊण तासात ३००० टन वाळू पोटात घ्यायचा, दूर समुद्रात जाऊन सोडायचा आणि परत यायचा. शतक संपेपर्यंत त्या बांधावरचे पाणी २७ फुटांच्या आसपास गेले. आमच्या रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी त्या काळी गोऱ्यांच्या जहाजांवर डेकवर काम करीत. त्यातले कितीतरी जण तो बांध ओलांडून आत गेले असतील, पायाखालून काय उपसले गेले आहे हे ठाऊक नसताना.

इथे एक गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते. मर्सीवर वाळू काढणाऱ्याला वाळू नको होती. त्याला पाण्याची खोली हवी होती. त्यामुळे आधी खोली मोजायची, मग पंप लावायचा, मग पुन्हा मोजायचे, हा क्रम आपोआप आला. किती टन निघाले यापेक्षा तळ कुठे गेला, हा तिथला हिशेब होता.

हाच पंप मुंबईला आला तेव्हा हिशेब फिरला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० मध्ये डेव्हलपमेंट खाते निघाले. वरळी, नायगाव इथल्या ‘बीडीडी चाळी’ आपण म्हणतो, त्यातले बीडीडी म्हणजे हेच बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. या खात्याची मोठी हौस होती बॅक बे, म्हणजे कुलाब्यापासून चौपाटीकडे वळणारा समुद्र भरून ११४५ एकर जमीन करण्याची. सल्ला होता सर जॉर्ज ब्युकॅनन यांचा. रंगून आणि बसऱ्याच्या बंदरांची कामे केलेला हा इंजिनिअर. योजना कागदावर झकास होती. पश्चिमेला दगडी भिंत घालायची, पूर्वेला बंदराच्या तळातली माती सक्शन ड्रेजरने कापून ओढायची आणि कुलाब्याच्या जमिनीवरून नळ टाकून ती पलीकडे भिंतीच्या आत सोडायची. ड्रेजर विलायतेत बांधून घेतला आणि त्याला नाव दिले ‘सर जॉर्ज लॉइड’. ताशी २००० घनयार्ड माल देईल, असे त्याच्याबद्दल गृहीत धरले होते.

प्रत्यक्षात तो त्या आकड्याच्या जवळपासही फिरकला नाही. तळाची चिकणमाती वाळूसारखी सुटी नव्हती. दुसरीकडे भिंतीच्या दगडांतून फटी राहिल्या होत्या. नळातून आलेला गाळ एका बाजूने पडायचा आणि दुसऱ्या बाजूने भरती-ओहोटीबरोबर समुद्रात निघून जायचा. भरलेला समुद्र पुन्हा समुद्रालाच मिळत होता आणि खर्च मात्र तिजोरीतून वाहत होता. लोकांनी या कारभाराला ‘लॉइडचा वेडेपणा’ असे नाव ठेवले.

खुर्शेद फ्रामजी नरिमन या तरुण पारशी वकिलाने कायदे कौन्सिलमध्ये आणि वर्तमानपत्रांत हे प्रकरण लावून धरले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने त्यांना साथ दिली. तेव्हा या पत्राचे संपादक होते सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी, ही गोष्ट आपल्या वाचकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. दोघे मिळून एकच विचारीत राहिले : ताशी किती घनयार्ड ठरले होते, किती निघाले, आणि निघाले ते कुठे आहे? १९२६ मध्ये सर ग्रिमवुड मियर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. हार्वे नावाच्या इंजिनिअरने नरिमन यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून ते १९२८ मध्ये निर्दोष सुटले. ठरलेल्या आठ तुकड्यांपैकी चार भरल्या, जमीन झाली सुमारे ४४० एकर. मरीन ड्राइव्हवर शेंगदाणे खात फिरताना हे कोणाच्या मनात येत नाही, आणि यावे अशी आमची सक्तीही नाही.

आता आमच्या खाड्यांकडे येऊ. सावित्री, वाशिष्ठी, जगबुडी या सह्याद्रीतून उतरून थोड्याच अंतरात समुद्राला मिळणाऱ्या नद्या. पावसाळ्यात त्या डोंगराची माती-वाळू घेऊन येतात आणि भरतीचे पाणी समोरून आले की ओझे खाली टाकतात. या खाड्या म्हणजे कोकणचे जुने हमरस्ते. दाभोळचे बंदर पंधराव्या शतकात एवढे नावाजलेले होते की रशियाचा अफानासी निकितिन परतीच्या प्रवासाला तिथूनच जहाजात बसला. तळ कुठे वर आला, कुठे खाली गेला, हे नाखवा-तांडेलांना तोंडपाठ असे. शिसे बांधलेली दोरी टाकून ते वावांत खोली मोजीत. त्यांचा जीव आणि माल त्यावरच असे.

रेतीही तेव्हा निघत होती, पण हातपाटीने. होडी नांगरायची, तळात बांबू रोवायचा, त्याला धरून माणूस बादली घेऊन खाली जायचा. बादली भरली की वरचे दोघे दोरीने ओढायचे. याला डुबी म्हणतात. काम जिवावरचे, कान फुटतात, छाती भरून येते. ते सुखाचे होते असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण त्या पद्धतीत एक लगाम होता. माणसाचा दम जेवढा, तेवढीच खोली आणि तेवढीच बादली. वरचा थर काढला की पावसाळ्यात खाडी तो भरून देई.

मग आमच्याच घरांतून एक बदल झाला. १९७० नंतर कोकणी मुसलमानांची मुले कुवेत, दुबई, सौदीला गेली. हलाल कमाईचा पैसा आला. जांभ्या दगडाच्या, कौलारू घरांच्या जागी स्लॅबची दुमजली घरे उठली, मशिदींना मिनार चढले, आमच्यासारख्यांच्या शाळांच्या इमारती झाल्या. स्लॅबला रेती लागते, आणि ती समोरच्या खाडीत होती. सक्शनवाल्यांना दोष देताना आपण ज्या छताखाली बसलो आहोत तिकडेही एकदा पाहावे. तिकडे मुंबई, पनवेल, ठाणे वाढत होतेच. हातपाटीला ती मागणी पुरवणे शक्य नव्हते. बार्जवर डिझेल इंजिन बसले, नळी खाली गेली आणि चार-पाच माणसे एका रात्रीत जे काढू लागली, ते काढायला पूर्वी आख्खी वाडी लागली असती.

फरक नुसता वेगाचा नव्हता. डुबीवाला तळ खरवडतो. सक्शन एका जागी उभा राहून खड्डा पाडतो. वाळू सुटी असल्यामुळे आजूबाजूची वाळू त्या खड्ड्यात घसरत येते. पंप खाडीच्या मध्यावर असला तरी ओढ काठापर्यंत जाते. मग खारबंधाऱ्याचा पाया सुटतो, काठची माडाची झाडे आडवी होतात, खारे पाणी शेतात शिरते. ज्याचे शेत गेले तो आणि ज्याचा पोरगा बार्जवर आहे तो जुम्म्याला एकाच सफेत उभे राहतात. म्हणून याविषयी आमच्याकडे मोठ्याने बोलले जात नाही.

बोलल्या त्या एक बाई. सुमैरा अब्दुलअली यांच्यावर २००४ मध्ये अलिबागजवळच्या किहीम किनाऱ्यावर वाळूउपसा रोखताना हल्ला झाला. त्या मागे हटल्या नाहीत, २००६ मध्ये उच्च न्यायालयात गेल्या. २०१० च्या मार्चमध्ये रायगड जिल्ह्यात त्यांच्यावर पुन्हा हल्ला झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील वाळूउपशावर बंदी घातली. पुढे नवे धोरण आले, लिलाव आले, अटी आल्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी बंधनकारक केली. कायदा कमी पडला असे म्हणता येणार नाही.

कमी पडले ते मोजमाप. रेतीचा हिशेब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. पण ब्रास मोजला जातो ट्रकमध्ये, पावतीवर; खाडीत नाही. पावती नसलेला ट्रक पकडला तर दंड, न पकडला तर तो निघालाच नव्हता. तळ किती खाली गेला, हे पावतीवर कुठेच येत नाही. बॅक बेमध्ये निदान ‘निघाले ते कुठे आहे’ असे विचारणारा वकील होता आणि ते छापणारा संपादक होता.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ साली बांधलेला दगडी पूल पुरात कोसळला. दोन एस.टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पूर हे कारण समोर होतेच. पण पुलाच्या आसपासच्या उपशाने पाया उघडा पडला होता का, हा वादही त्या दिवसांत पेटला. तळाची आधीची मापे ठेवल्याशिवाय असा वाद कधी मिटत नाही, दोन्ही बाजू आपापला अंदाज सांगत राहतात.

आणि वाशिष्ठीवर नेमका उलटा प्रकार झाला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले. ज्यांनी ती रात्र माळ्यावर काढली, ते सांगत होते की नदीचे पात्र गाळाने भरले आहे, पाणी जाणार कुठून? डिसेंबरमध्ये गावाने साखळी उपोषण धरले. मागणी एकच : गाळ काढा. पुढच्या वर्षी पोकलेन आणि डंपर पात्रात उतरले. म्हणजे त्याच नदीवर वरच्या अंगाला लोक उपसा करा म्हणून उपाशी बसले होते, आणि खाली खाडीत उपसा थांबवा म्हणून अर्ज चालले होते. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण दोघेही खरे बोलत होते. एका जागी तळ वर आला होता, दुसऱ्या जागी खाली गेला होता. यंत्र वाईट की चांगले, या वादात त्यांतल्या कोणालाच रस नव्हता.

प्रश्न विचारणारा तो मुलगा आता दहावीत आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्याला आणि आणखी पाच-सहा मुलांना ओहोटीच्या वेळी धक्क्यावर नेले. सोबत एक वयस्कर तांडेल चाचा होते. पूर्वी अशा ओहोटीला आपण इथे छातीभर पाण्यात उभे राहून जाळे लावायचो, असे ते म्हणाले. मुलांनी वाव-वावावर गाठी मारलेली दोरी दगड बांधून होडीतून सोडली. पाच वावांची दोरी संपली तरी दगड तळाला लागला नाही. मुलांनी तारीख, वेळ आणि ‘पाच वावांहून जास्त’ एवढे वहीत लिहिले. चाचांनी पुढच्या वेळी आठ वावांची दोरी आणायला सांगितले.