शाळेचं कॅलेंडर इतिहासाचं साधन म्हणून कसं वाचायचं?

'साधन' म्हटलं की संशोधनाची तयारी करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर दफ्तरखाना, बखर, ताम्रपट, फार तर सरकारी अहवाल येतो. आज एक अगदी साधं साधन घेऊ: प्राथमिक शाळेचं सप्टेंबर ते नोव्हेंबरचं कॅलेंडर. उदाहरण अमेरिकेतल्या ख्रिस्ती शाळांचं. तिथे शाळेचं वर्ष ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं, त्यामुळे शरद ऋतू हे पहिलं सत्र. भोपळ्याच्या शेतावर सहल, सुगीचा मेळावा, 'थँक्सगिव्हिंग'ची मेजवानी, वर्गात कागदी पिसांचे पट्टे. वरवर पाहता सगळं गोड आणि फार जुनं वाटतं. पण कॅलेंडरवरची कुठलीच तारीख आपोआप आलेली नसते. ती कधी आली आणि कशाच्या जागी आली, हे विचारलं की कॅलेंडर बोलायला लागतं.

आधी विचारा: कोणती ख्रिस्ती शाळा?

'ख्रिस्ती शाळा' हा एकच गठ्ठा नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये प्रोटेस्टंट पद्धतीचं बायबलवाचन चालायचं. कॅथलिकांना ते मान्य नव्हतं. त्यांनी आपल्या शाळा काढल्या, आणि १८८४ च्या बाल्टिमोरच्या धर्मपरिषदेने प्रत्येक पॅरिशला शाळा काढायला सांगितलं. जर्मन लुथरन लोकांनी धर्ममत आणि भाषा दोन्ही टिकवायला स्वतःच्या शाळा चालवल्या. बाकीचे बहुतेक प्रोटेस्टंट मात्र सरकारी शाळांवर खूश होते, कारण अनेक ठिकाणी त्या त्यांना आपल्याच वाटत.

मग १९६२ आणि १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधली शाळेनेच घडवून आणलेली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. त्यानंतरच्या दोन दशकांत इव्हँजेलिकल पंथीयांच्या शाळा भराभर वाढल्या. पण इथे घाई करू नका. १९५४ च्या ब्राउन खटल्याने वर्णभेदी शाळा बेकायदा ठरल्यावर, दक्षिणेतल्या काही खाजगी शाळा गोऱ्या मुलांना वेगळं ठेवण्यासाठीच निघाल्या, आणि त्यांतल्या काहींनी 'ख्रिस्ती' हे नाव घेतलं. म्हणून शाळेचं स्थापनावर्ष आणि गाव, या दोन गोष्टी पहिल्या पानावर टिपून ठेवायच्या.

३१ ऑक्टोबर: एक तारीख, तीन शाळा

आता हा एकच दिवस बघा. कॅथलिक शाळेत दुसऱ्या दिवशीच्या सर्व संतांच्या सणासाठी मुलं संतांचे वेश करून येतात. लुथरन शाळेत हा धर्मसुधारणा दिन असतो. अनेक इव्हँजेलिकल शाळांत भुताखेतांचं हॅलोवीन नको म्हणून 'सुगीचा मेळावा' भरतो: गवताच्या पेंढ्या, भोपळे, खेळ, खाऊ, फक्त भुतं नाहीत. या 'सुगी'त शेतीपेक्षा नकार जास्त आहे. नाव वाचताना ते कशाच्या ऐवजी ठेवलंय हे शोधायचं, ते यासाठी.

लुथरन वर्गातला एक उपक्रम तर संशोधकाला आयता धडा आहे. मुलं कागदावर वाक्यं लिहून वर्गाच्या दारावर चिकटवतात, कारण ३१ ऑक्टोबर १५१७ ला लुथरने ९५ प्रबंध विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर ठोकले अशी गोष्ट आहे. त्या तारखेचं पक्कं कागदपत्र आहे ते लुथरने माइन्झच्या आर्चबिशपला पाठवलेलं पत्र. दारावर ठोकल्याची गोष्ट पसरली ती मुख्यतः मेलँक्थॉनच्या लिखाणातून. ते लिखाण लुथरच्या मृत्यूनंतरचं, आणि मेलँक्थॉन विटेनबर्गला आला तोच मुळी १५१८ मध्ये. १९६१ मध्ये एर्विन इझरलो या कॅथलिक इतिहासकाराने यावर बोट ठेवलं आणि वाद पेटला, तो अजून पुरता मिटलेला नाही. वर्गाला हातोडा आवडतो. पत्र कोण चिकटवणार?

थँक्सगिव्हिंग: पिसं कुठून आली?

नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी मात्र तिन्ही शाळा एक होतात. पिढ्यान्‌पिढ्या वर्गात एकच नाटुकलं होत आलंय: अर्धी मुलं काळ्या टोप्यांचे 'पिलग्रिम', अर्धी कागदी पिसांचे 'इंडियन', मध्ये टर्की.

या प्रसंगाचं मूळ साधन म्हणजे एडवर्ड विन्स्लोचं डिसेंबर १६२१ चं पत्र. त्यातला मजकूर जेमतेम एका परिच्छेदाचा. पीक आल्यावर चौघांना पक्षी मारायला पाठवलं, बंदुकीचे खेळ झाले, मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला, तीन दिवस जेवणं झाली, त्यांनी पाच हरणं आणली. बस. टर्कीचं नाव नाही, 'थँक्सगिव्हिंग' हा शब्दही नाही. त्या लोकांसाठी आभाराचा दिवस म्हणजे चर्चमध्ये प्रार्थनेत घालवायचा दिवस. हा प्रसंग तसा नव्हता.

मग सण झाला कधी? १८४१ मध्ये अलेक्झांडर यंगने हे पत्र पुन्हा छापताना तळटीप दिली की हीच पहिली थँक्सगिव्हिंग. १८६३ मध्ये, यादवी युद्ध चालू असताना, लिंकनने राष्ट्रीय दिवस जाहीर केला. त्या घोषणेत पिलग्रिमांचा उल्लेखसुद्धा नाही. पुढे युरोपातून स्थलांतरितांचे लोंढे आले, तेव्हा त्यांच्या मुलांना 'अमेरिकन' करायला ही गोष्ट शाळांना फार सोयीची पडली. म्हणजे १६२१ चा प्रसंग, १८४१ ची तळटीप, १८६३ चा सण आणि त्यानंतरचं नाटुकलं. चार वेगळे थर आहेत. वर्गात ते एकच दिसतात.

ख्रिस्ती शाळेत यावर आणखी एक थर चढतो. मका कसा पेरायचा हे शिकवणारा टिस्क्वांटम, म्हणजे मुलांचा 'स्क्वांटो', देवाने धाडलेला मदतनीस होता, असं सांगितलं जातं. ही कल्पना शाळेची नाही, वसाहतीचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याचीच आहे. श्रद्धेचा इतिहास म्हणून ती महत्त्वाची आहे आणि तिची टिंगल करायचं कारण नाही. पण संशोधकाने पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: या माणसाला इंग्रजी येत कसं होतं? १६१४ मध्ये टॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याला पळवून स्पेनमध्ये विकायला नेलं. तिथून तो लंडनला पोचला. १६१९ मध्ये घरी आला, तर दरम्यानच्या साथीत त्याचं पटक्सेट गाव ओस पडलेलं. प्लिमथ वसलं ते त्याच जागेवर.

नाटुकलं मेजवानीपाशी संपतं. इतिहास संपत नाही. १६७५-७६ च्या युद्धात मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम मारला गेला आणि त्याचं शिर याच प्लिमथमध्ये खांबावर लावलं गेलं. १९७० मध्ये, ३५० व्या वर्षाच्या समारंभात, वाम्पानोग नेते वाम्सुटा फ्रँक जेम्स यांना बोलायला बोलावलं आणि त्यांचं भाषण आधी वाचून नाकारलं. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्याच दिवशी प्लिमथला शोकदिन पाळला जातो. आणि ती कागदी पिसं? तसे मोठे पिसांचे मुकुट मैदानी प्रदेशातल्या जमातींचे, वाम्पानोगांचे नाहीत. मुलं ज्यांचं सोंग घेतात, त्यांच्यासारखी ती दिसतही नाहीत.

आपल्या कामासाठी

हे सगळं लांबचं वाटत असेल तर एक धागा लक्षात घ्या. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट त्याच न्यू इंग्लंडमधल्या काँग्रिगेशनल चर्चचे होते. पुढे अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत, अहमदनगरला शाळा चालवल्या आणि अहवाल बॉस्टनला धाडले. ते अहवाल वाचताना हेच प्रश्न उपयोगी पडतात:

१. ही तारीख किंवा हा उपक्रम यादीत पहिल्यांदा कधी दिसतो?
२. तो कशाच्या ऐवजी आहे? दिवाळीच्या सुट्टीचं काय केलंय?
३. मजकूर कोणासाठी लिहिलाय: पालकांसाठी, देणगीदारांसाठी, की सरकारसाठी?
४. उपक्रमात कोणाचं सोंग घेतलं जातं, आणि त्या लोकांना विचारलं होतं का?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडरमध्ये सापडणार नाही. ते शोधायला दुसऱ्या दफ्तराकडे, दुसऱ्या माणसांकडे जावं लागतं. बऱ्याच वेळा प्रबंधाचा खरा विषय तिथेच हाती लागतो.