शेवट हरवलेली वैमानिक, सुरुवात हरवलेलं विमान

पेटची तयारी करताना 'संशोधन समस्या म्हणजे काय' याची व्याख्या आपण पाठ करतो. आज ती बाजूला ठेवू आणि दोन विमानं घेऊ. विमानं आपल्याला परकी नाहीत. बारामतीच्या धावपट्टीवरून उठणारी प्रशिक्षणाची छोटी विमानं इंदापूर तालुक्यातल्या उसावरून जाताना तुम्ही पाहिलीच असतील. अशा प्रत्येक उड्डाणाची नोंद शिकाऊ वैमानिक लॉगबुकात करतो: तारीख, विमान, कुठून कुठे, किती वेळ. हे चार रकाने लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पहिलं विमान अमेलिया इअरहार्टचं. १९३२ साली एकटीने अटलांटिक ओलांडणारी ही पहिली स्त्री. १९३७ मध्ये ती पृथ्वीप्रदक्षिणेला निघाली. जून महिन्यात कराची आणि कलकत्त्यालाही उतरली. २ जुलैला न्यू गिनीतल्या लाए गावाहून दिशादर्शक फ्रेड नूनन यांच्यासह हाउलँड बेटाकडे निघाली आणि नाहीशी झाली. आता रकाने तपासा. तारीख आहे, विमान लॉकहीड इलेक्ट्रा आहे, मार्ग आहे, शेवटचे रेडिओ संदेश ऐकणारं इटास्का जहाज आहे. फक्त शेवट नाही.

दुसरं विमान आपल्याकडचं. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी 'मरुत्सखा' नावाचं विनावैमानिक विमान १,५०० फूट उंच उडवलं. समोर न्यायमूर्ती रानडे आणि सयाजीराव महाराज होते. 'केसरी'त बातमी आली. म्हणजे राईट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या उड्डाणाआधी आठ वर्षं! ही गोष्ट तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर वाचली असेल. २०१५ साली तिच्यावर 'हवाईजादा' हा हिंदी सिनेमा आला. त्याच जानेवारीत मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि मोठा वाद झाला.

इथे तेच चार रकाने भरून बघा. कोणता दिवस? विमानाचं रेखाचित्र कुठे? हवेत किती वेळ? सांगणारा बदलला की तपशील बदलतो. इअरहार्टच्या गोष्टीत शेवट हरवलाय, तळपद्यांच्या गोष्टीत सुरुवातच हरवलीय.

'त्या काळी कोण नोंद ठेवणार?' असं कुणी म्हणेल. म्हणून त्याच काळातली तुलना हवी. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युअल लँगली यांनी वाफेवर चालणारं विनावैमानिक विमान पोटोमॅक नदीवर उडवलं. टेलिफोनवाले ग्रॅहॅम बेल तिथे हजर होते. त्यांनी फोटो काढला आणि डोळ्यांनी पाहिलेलं लिहून ठेवलं. जर्मनीत लिलिएंटाल यांच्या ग्लायडर उड्डाणांचे फोटोही त्याच दशकातले आहेत.

आता पद्धतीचा मुद्दा. 'पुरावा नाही म्हणजे घटना घडलीच नाही' असं सरसकट म्हणता येत नाही. पण जिथे नोंद व्हायलाच हवी होती, तिथलं मौन बोलकं असतं. एखाद्या खेड्यातल्या प्रयोगाची बातमी आली नाही, तर नवल नाही. पण हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि बडोद्याचे महाराज यांच्यासमोर मुंबईत विमान उडालं, तर मराठी-इंग्रजी वृत्तपत्रं गप्प कशी बसतील? म्हणून कुणी 'केसरी'चं नाव घेतलं, की एवढंच विचारा: अंकाची तारीख काय आणि पान कितवं?

दुसरी सवय: दोन प्रश्न एकत्र कालवू नका. तळपद्यांच्या जोडीला 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ हमखास येतो. १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तो तपासला. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. पण हा निष्कर्ष ग्रंथाबद्दलचा. चौपाटीवर काय झालं, हा प्रश्न वेगळा आणि त्याचे पुरावेही वेगळे.

मग या गोष्टी सुटत का नाहीत? कारण रिकाम्या जागेत आपण आपली इच्छा भरतो. कुणाला इअरहार्ट बेटावर जगलेली हवी असते, कुणाला जपान्यांच्या कैदेत. आपल्याला राईट बंधूंच्या आधीचा मराठी माणूस हवा असतो. इच्छा असण्यात गैर काही नाही, फक्त ती मोडू शकेल अशा कसोटीवर ठेवावी लागते. समुद्रतळावर इअरहार्टचं विमान दिसल्याचा गाजावाजा २०२४ च्या सुरुवातीला झाला. शोधणारे पुन्हा तिथे गेले, तर तो खडक निघाला, आणि त्यांनी स्वतःच ते जाहीर केलं. संशोधन म्हणजे हेच.

या भानगडीत नुकसान कुणाचं होतं? तळपद्यांचंच. एक बाजू त्यांचा देव करते, दुसरी त्यांना थापाड्या ठरवते. वसाहतीच्या काळात मुंबईतला एक माणूस संस्कृत ग्रंथ वाचून आकाशात जायचं स्वप्न बघतो. तो कोणत्या वर्तुळात वावरला, त्याला पैसा कुणी दिला, त्याने काय बनवून पाहिलं, हे प्रश्न दोन्ही बाजूंच्या आरडाओरड्यात मागे पडतात. पीएच.डी.चा विषय खरा तर तिथे आहे.

तुम्हाला हा विषय घ्यावासा वाटला, तर विमानापासून नका सुरू करू. मुंबईचं पुराभिलेखागार, पुण्याचा केसरीवाडा, बडोदा संस्थानची दप्तरं अशी वाट धरा. १८९५ ची फाईल उघडा आणि वहीत चार रकाने आखा. जो रकाना रिकामा राहील, तो प्रबंधातही रिकामाच ठेवायची हिंमत ठेवा.