टॅग : नावाला बांधलेला दोरा

विम हा एडिटर वापरणाऱ्यांनी त्याच्या मदतपानांत दोन उभ्या रेघांमध्ये बसवलेले शब्द पाहिले असतील. शब्दावर कर्सर नेऊन कंट्रोलबरोबर उजवा चौकटी कंस दाबला की त्या विषयाचे पान समोर येते, कंट्रोल-टी दाबला की परत मूळ जागी. कितीतरी वर्षे मी याला वेबवरच्या लिंकचे धाकटे भावंड समजत होतो. मग संभाजीनगरच्या एका कचेरीत सॉफ्टवेअरची मदतपाने सांभाळताना तुटलेला संदर्भ दुरुस्त करायची वेळ आली, विमच्या फोल्डरमधली ‘टॅग्ज’ नावाची फाइल उघडली, आणि कुळ भलतेच निघाले.

त्या फाइलीत ओळीमागे तीन रकाने आहेत: नाव, फाइल आणि शोधाचा आदेश. तिसऱ्या रकान्यात पान नाही, ओळीचा आकडा नाही. ‘दोन तारकांमध्ये हे नाव जिथे लिहिले असेल तिथे जा’, एवढेच. सी भाषेत काम केलेला माणूस ही मांडणी पाहताच ओळखेल. केन अर्नोल्डचा सीटॅग्ज १९७९च्या ३बीएसडी युनिक्सबरोबर आला. कोणते फंक्शन कोणत्या फाइलीत आहे याची यादी तो बनवी आणि बिल जॉयचा व्हीआय एडिटर ती यादी वाचून तिथे पोचे. ब्राम मूलेनार यांनी व्हीआयच्या वळणावर विम घडवला, १९९१मध्ये तो लोकांपुढे आला. मदतपानांसाठीही त्यांनी प्रोग्रॅमरांची हीच यादी वापरली. कळाही त्याच, रकानेही तेच.

काहीजण हे मूळ हायपरटेक्स्टमध्ये, म्हणजे लिंकांनी जोडलेल्या मजकुरात, शोधतात. टेड नेल्सनने तो शब्द १९६५मध्ये वापरला, म्हणजे वयाने ते कुळ थोरले खरे. पण वय म्हणजे वंश नव्हे. ईमॅक्स हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांचा दावा अधिक जड आहे, कारण त्यांच्या ‘इन्फो’ या मदतपानांनाही नावे असतात आणि फाइलीच्या शेवटी ‘टॅग टेबल’ असते. मात्र त्या टेबलात नावापुढे बाइटचा आकडा असतो, म्हणजे जागा. विमच्या यादीत नावापुढे पुन्हा नावच येते. माझ्या मते सगळी गंमत या फरकात आहे. वर चार परिच्छेद घाला, पन्नास ओळी काढा, विमचा संदर्भ हलत नाही.

आता ‘टॅग’ या शब्दाकडे वळतो. आपल्या कलेक्टर कचेरीत फाइल बांधायचा, दोन्ही टोकांना धातूची पट्टी असलेला दोरा म्हणजे टॅग. इंग्रजीत सोळाव्या शतकात नाडीच्या टोकावरच्या धातूच्या बोंडालाही टॅगच म्हणत. म्हणजे शब्दाचा जुना अर्थ आपल्या बाबूंच्या टेबलावर अजून नांदतो आहे. त्याआधीचे कुळ वादात आहे. एक मत त्याला ‘काटा, अणकुची’ अर्थाच्या स्कँडिनेव्हियन शब्दाशी जोडते, दुसरे ‘टॅक’शी. मी काट्याच्या बाजूने आहे. अडचण एवढीच की १४००च्या सुमारास आढळणारा अर्थ कपड्याच्या लोंबत्या चिंधीचा आहे आणि टोकाचा नंतरचा, त्यामुळे माझा क्रम उलटा पडतो. तरी अशा चिंध्या टोकदार कापत असतील, हा माझा तर्क मी सोडत नाही. मराठी ‘टाका’ याच्याशी नाते लावण्याचा मोह मात्र आवरावा. कानाला गोड लागते, यापलीकडे त्याला आधार नाही.

नावाने बांधण्याची ही रीत इथल्या मातीला नवी नाही. आमच्या घरी तुकोबांच्या गाथेच्या दोन प्रती होत्या, एक सरकारी आणि एक जुनी. दोन्हींतले अभंगांचे क्रमांक जुळत नसत. आजी क्रमांक कधी विचारीच ना. ती पहिले दोन शब्द सांगे आणि आम्ही मागच्या सूचीत ते शोधून पान काढत असू. संस्कृत टीकाकार मूळ श्लोकाचा पहिला शब्द देऊन पुढे टीका करत, त्याला ‘प्रतीक’ म्हणतात. हाताने उतरवलेल्या पोथीत हाच भरवशाचा मार्ग होता. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या पैठणला शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. त्यांच्या काळी प्रत्येक लेखकाचे अक्षर वेगळे, पानावरच्या ओळी वेगळ्या. ‘अमुक पान पहा’ हे सांगणे पुढच्या प्रतीत खोटे ठरले असते. लीळाचरित्रातही तेच. नेने, तुळपुळे आणि कोलते यांच्या आवृत्त्यांत लीळांचे क्रमांक एक नाहीत, म्हणून लीळेचे नाव सांगितलेले बरे. पैठणच्या पोथीतून सीटॅग्जच्या कॅलिफोर्नियात काही गेले असे मी म्हणत नाही. मजकूर हलता असला की त्याला धरायला नावच लागते, हे दोन्हीकडच्या लोकांना आपापले सुचले.

नावाची पद्धत सांभाळायला सोपी, पण बिनधोक नाही. विममध्ये ‘हेल्पटॅग्ज’ ही आज्ञा दिली की तारकांमधली सगळी नावे गोळा होऊन यादी नव्याने बनते. एकच नाव दोनदा आले तर १५४ क्रमांकाची चूक दाखवली जाते. उभ्या रेघांकडे मात्र ती आज्ञा पाहत नाही. तारकांतले नाव तुम्ही बदलले आणि दहा पानांतल्या रेघांत जुनेच राहिले, तर कोणी हाक मारत नाही. वाचक कळ दाबतो तेव्हाच कळते. माझ्या कचेरीतला तो संदर्भ असाच तुटला होता. नाव सुधारले होते, ते शोधणाऱ्यांचा विचार राहून गेला होता.

म्हणून मदतपाने लिहिणाऱ्या, पुस्तकाची आवृत्ती काढणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. ‘पहा’ लिहाल तिथे पानाऐवजी नाव द्या. आणि नाव बदललेच, तर जुने खोडू नका, नव्याशेजारी त्याच ओळीत राहू द्या. विममध्ये एका ओळीवर कितीही तारांकित नावे बसतात.