मलिकंबराची खडकी



राजधानी वसवावयास राजाचा हुकूम पुरतो. परंतु ती नांदावयाची तर तिला पाणी, सरपण व धान्य हीं रोजच्या रोज मिळावीं लागतात. आफ्रिकेंतील हबसाण देशाची, म्हणजे आजच्या इथिओपियाची, राजधानी अदिस अबाबा हिचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. मेनेलिक राजा व त्याची राणी टायटू यांनीं १८८६ सालीं ती वसविली. लोक जमले, चुली पेटल्या, आणि दहापंधरा वर्षांतच भोंवतालच्या टेंकड्या उघड्या पडल्या. सरपणावांचून भागेना, तेव्हां १९०० सालच्या सुमारास राजधानी पश्चिमेकडे अदिस आलम येथें नेण्याचा विचार राजानें चालविला. पुढें ऑस्ट्रेलियाकडून आलेल्या निलगिरीच्या झाडांची लागवड झाली. तीं झपाट्यानें वाढलीं, आणि राजधानी जागच्या जागीं राहिली.

हें दूरचें उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, याच हबसाणांतून आलेल्या एका पुरुषानें, अदिस अबाबाच्या पावणेतीनशें वर्षें आधीं, आपल्या मराठवाड्यांत एक राजधानी वसविली. तो पुरुष मलिकंबर, व ती राजधानी खडकी. पुढें ती औरंगाबाद म्हणून प्रसिद्धीस आली, आणि २०२३ पासून तिचें सरकारी नांव छत्रपती संभाजीनगर असें आहे. मी राहतों तें पेडगांव म्हणजे भीमेकांठचें बहादूरगडाचें पेडगांव नव्हे. तें परभणीजवळचें, गोदावरीच्या खोऱ्यांतलें. आमच्या परभणी जिल्ह्याचा व त्या शहराचा संबंध केवळ लोहमार्गाचा नाहीं, पाण्याचाहि आहे. तो कसा, तें ओघानें येईलच.

मलिकंबराचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास हबसाणांत झाला. लहानपणींच तो गुलाम म्हणून विकला गेला, आणि अरबस्तान व बगदाद या मार्गानें दक्षिणेंत आला. येथें त्याला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान यानें विकत घेतलें. हा चंगीझखान स्वतःहि हबशीच होता. धन्याच्या मृत्यूनंतर मलिकंबर मोकळा झाला व शिपाईगिरी करूं लागला. १६०० सालीं मोंगलांनीं अहमदनगर घेतलें, तेव्हां निजामशाही बुडाली असेंच सर्वांस वाटलें. परंतु मलिकंबरानें राजघराण्यांतील एका मुलास परांड्यास गादीवर बसविलें, आणि पुढें पंचवीस वर्षें मोंगलांस दक्षिणेंत सुखानें पाय रोवूं दिला नाहीं. परांडा, जुन्नर, दौलताबाद अशी ती गादी शत्रूच्या धाकानें हिंडत राहिली. अखेर १६१० सालीं दौलताबादेपासून चारपांच कोसांवर खाम नदीच्या कांठीं खडकी नांवाचें खेडें होतें, तेथें त्यानें शहर वसविण्यास आरंभ केला. किल्ल्याचा आश्रय जवळ, आणि वस्तीस मैदान मोकळें, असा हा दुहेरी हिशेब होता.

शहराची वस्ती एकजातीची नव्हती. हबशी व दक्षिणी मुसलमान सरदारांबरोबर मराठे सरदारहि तेथें वाडे बांधून राहिले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा हे पुरे मालोजी, खेलोजी, परसोजी व विठोजी या मराठे सरदारांच्या नांवांवरून पडले असें सांगतात. मोंगलांवरील विजयाची खूण म्हणून बांधलेला भडकल दरवाजा अद्याप उभा आहे.

परंतु राजधानी झाली कीं ती शत्रूच्या डोळ्यांवर येते. १६१६ सालीं मोंगल फौजेनें मलिकंबराचा पराभव करून खडकी जाळली व लुटली. १६२१ सालीं तोच प्रसंग पुन्हा आला. दोन्ही वेळां शहर पुन्हा उभें राहिलें. भिंती पडल्या तर बांधतां येतात, पण पाणी तुटलें तर माणसें परत येत नाहींत, हें मलिकंबरास चांगलें ठाऊक असावें; कारण पहिल्या जळितानंतर थोड्याच काळांत, १६१७ च्या सुमारास, त्यानें आपली प्रसिद्ध नहर बांधविली.

या नहरीची रचना समजून घेण्यासारखी आहे. शहराच्या उत्तरेस डोंगर आहेत. त्यांवर पडलेला पाऊस जमिनींत मुरतो व झऱ्यांच्या रूपानें खालीं उतरतो. हें मुरलेलें पाणी हर्सूलच्या बाजूस जमिनीखालीं गोळा करून बांधीव भुयारी मार्गानें शहरांत आणलें. मार्गास मंद उतार दिला, म्हणून पाणी आपल्या वजनानेंच वाहत येई. बैल नको, मोट नको. जागोजागीं चुनेगच्चीचे मनोरे उभारले. त्यांत पाणी चढे, कोंडलेली हवा निघून जाई, व तेथून खापरी नळांनीं तें हौदांत पोंचे. मार्ग जमिनीखालीं असल्यामुळें उन्हानें पाणी आटत नसे. पुढें याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचें जातें ज्या पाण्यावर फिरलें तेंहि असेंच भुयारांतून आलेलें आहे.

मलिकंबर १६२६ सालीं वारला. त्याची कबर खुलताबादेस आहे. मुलगा फतेखान यानें शहरास फतेहनगर म्हटलें. १६३३ सालीं दौलताबाद पडलें, व तीन वर्षांनीं औरंगजेब दक्षिणेचा सुभेदार होऊन आला. त्याच्या नांवानें शहर औरंगाबाद झालें. १६८२ सालीं त्याला तट पडला. औरंगजेबानंतर निजाम असफजाहानें येथूनच कारभार केला. परंतु १७६३ सालीं निजामांची राजधानी हैदराबादेस गेली, आणि दरबाराबरोबर दरबारावर पोसलेला व्यापार व कारागीरहि गेले. तरी शहर ओसाड पडलें नाहीं, याच्या अनेक कारणांत नहरींचें पाणी हें एक मोठें कारण होय.

१९०० सालीं लोहमार्ग आला. १९५८ सालीं विद्यापीठ झालें. पुढें कारखाने उभे राहिले. २०११ च्या शिरगणतींत महानगरपालिकेच्या हद्दींत सुमारें पावणेबारा लाख लोक होते. एवढ्या वस्तीला मलिकंबराची नहर पुरणार नाहीं, हें उघड आहे. म्हणून पैठणच्या नाथसागराचें पाणी यंत्रांनीं उपसून, पन्नासेक किलोमीटर नेऊन, चढावर चढवावें लागतें. इतकें करूनहि वर्षानुवर्षें कित्येक मोहल्ल्यांत नळाला पाणी अनेक दिवसांच्या अंतरानें येत आलें आहे.

आतां आमचा संबंध सांगतों. १९७६ सालीं पुरें झालेलें हें जायकवाडी धरण मुळांत शेतीसाठीं बांधलें. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांबीचा असून तो परभणी जिल्ह्यापर्यंत येतो. धरण भरतें त्या सालीं भांडण नाहीं. पाऊस चुकतो त्या सालीं मात्र शहराची घागर व शेतकऱ्याचें पीक एकाच पाण्याकडे पाहत असतात. पिण्याच्या पाण्याचा मान पहिला, हें आम्हांस मान्य आहे; तहानलेल्याशीं कोणीं वाद घालावा? परंतु फुटक्या नळांतून जें पाणी रस्त्यावर वाहून जातें, तें कोणाच्याच तहानेचें नसतें. तें कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याच्या वांट्यांतून गेलेलें असतें.

मलिकंबरानें प्रथम आपल्याच डोंगरांवरचा पाऊस साठविला, व शेजाऱ्याचें पाणी तोडलें नाहीं. त्याच्या नहरीचे कांहीं भाग अजून टिकून आहेत. कांहीं घरांच्या पायाखालीं व रस्त्यांच्या खोदकामांत बुजले. जे उरले ते साफ ठेवावे, डोंगरउतारांवर झाडें राखावीं, व गळणारा नळ आधीं बांधावा. मग पैठणकडे हात पसरावा. असें केल्यास शहराची तहान सर्वस्वी भागेल असें मी म्हणत नाहीं. परंतु जितकें पाणी शहर आपल्या डोंगरांतून मिळवील, तितकें कालव्याच्या शेवटीं बसलेल्या कुणब्याच्या शेतांत उतरेल.