घोड्याचे दात आणि मोटारीचे इंजिन

बैलबाजारात एकदा तरी हिंडून आलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही, की बाजारात उभा असलेला बैल आणि गोठ्यात बांधलेला बैल हे दोन वेगळे प्राणी असतात. बाजारच्या बैलाची शिंगे साळलेली असतात, अंगावरून तेलाचा हात फिरलेला असतो, गळ्यात नवी घुंगुरमाळ असते. म्हणून जाणता शेतकरी माळेकडे बघत नाही. तो बैलाचे तोंड उघडून दात बघतो, त्याला चार पावले चालवतो, आणि मग दलालाच्या उपरण्याखाली बोटे घालतो. इंग्लंडातील घोड्यांच्या व्यापाऱ्यांनी दातांनाही सोडले नव्हते. म्हाताऱ्या घोड्याचे झिजलेले दात कोरून, त्यांना डाग देऊन, तरुण घोड्याच्या दातांवर असतात तसे काळे खळगे ते पाडीत. या विद्येला तिकडे 'बिशपिंग' असे स्वतंत्र नावच होते. दाखवायचे दात आणि खायचे दात वेगळे, ही म्हण आपण हत्तीवरून बनवली. त्यांना ती घोड्यावरून बनवता आली असती.

आजचा आपला विषय जुन्या मोटारीचा आहे. विकणाऱ्याने गाडीत काही फेरफार केला, म्हणजे इंजिन बदलले, गॅसचा संच बसवला, मैल मोजणारा काटा मागे फिरवला किंवा अपघातात मोडलेली चेसिस जोडून वर रंग दिला, आणि घेणाऱ्याला त्यातले काहीच सांगितले नाही, तर घेणाऱ्याचा हक्क काय? प्रश्न मोटारीचा असला तरी त्याचे उत्तर घोड्यांच्या बाजारातून आलेले आहे, म्हणून सुरुवात जनावरापासून केली.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रकारांना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. याज्ञवल्क्यस्मृतीत माल घेतल्यावर तो पारखून बघण्यासाठी मुदती ठरवून दिल्या आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, बियाण्याला दहा. दुभत्या जनावरापेक्षा ओझ्याच्या जनावराला दोन दिवस जास्त का? गाय दूध देते की नाही हे दोन-तीन धारांत कळते, बैल कामाला कसा आहे हे त्याला जुंपल्यावाचून कळत नाही. ज्याने हा नियम केला त्याने बाजार पाहिलेला होता. त्याच यादीत पुढे दासाला अर्धा महिना आणि दासीला एक महिना अशीही मुदत आहे. हे वाचताना माझ्यासारख्या कामगारांत वावरणाऱ्या माणसाचे बोट त्या ओळीवर थांबते. माणूसही पारखून घ्यायचा माल होता, आणि परत करायची सोय होती ती घेणाऱ्याला.

रोमचीही गोष्ट तीच. तेथे बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना एडाइल म्हणत. त्यांचा हुकूम असा होता, की गुलाम किंवा जनावर विकणाऱ्याने त्याचा रोग आणि खोड आधी उघड सांगितली पाहिजे. गुलाम पळपुटा असेल तर तेही सांगितले पाहिजे. न सांगितल्यास घेणाऱ्याला सहा महिन्यांच्या आत माल परत करता येई, किंवा वर्षाच्या आत किंमत कमी करून मागता येई. मला माहीत नव्हते, ही सबब तेथे चालत नसे. बाजारात बसून पैसे करायचे तर आपल्या मालाची माहिती ठेवणे हे तुझेच काम, असा तो न्याय होता. गुलाम ठेवणारे ते लोक, त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण व्यापाऱ्याकडून काय मागावे हे त्यांना बरोबर कळले होते.

इंग्रजांच्या कायद्याने मात्र उलट वाट धरली. 1603 साली लंडनच्या एका सोनाराने विष उतरवणारा खडा म्हणून एक दगड शंभर पौंडांना विकला. तो तसा नव्हता. घेणारा कोर्टात गेला आणि हरला. न्यायाधीश म्हणाले, सोनाराने नुसते तसे म्हटले होते, हमी दिली नव्हती. तेथून पुढे दोन-अडीचशे वर्षे गिऱ्हाइकाने आपले डोळे आपणच उघडे ठेवावेत, हे तत्त्व इंग्रजी कोर्टांत मानाने नांदले.

हे तत्त्व ज्या काळात भरात होते, त्याच काळात कामगाराच्या वाट्याला काय आले, ते येथे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. 1837 साली एका खाटकाच्या नोकराचा खटला झाला. मालकाच्या गाडीवर बेसुमार माल लादला होता, ती मोडली आणि पोरगा जखमी झाला. कोर्टाने भरपाई नाकारली. धोका त्यालाही दिसत होता, नको वाटला असता तर त्याने गाडीवर बसायला नकार द्यायचा होता, असा त्याचा मथितार्थ. 1842 साली टपालाच्या घोडागाडीचा एक चालक गाडीतील दोषामुळे पडून लंगडा झाला. गाडी चांगल्या स्थितीत ठेवण्याचा करार ज्याने केला होता, त्याच्यावर त्याने दावा लावला. तुझा त्याच्याशी करार नव्हता, असे सांगून कोर्टाने त्याला परत पाठवले. पाहून घ्या आणि मग आमच्याकडे येऊ नका, हे गिऱ्हाइकाला सांगितले आणि मजुरालाही सांगितले. दोघांच्याही तोंडावर कराराच्या स्वातंत्र्याचे दार लावले गेले. अमेरिकेत हे दार 1916 साली किलकिले झाले. न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयात न्यायमूर्ती कार्डोझो यांनी, चाकाच्या लाकडी आऱ्या मोडून उलटलेल्या मोटारीच्या खटल्यात, करार नसला तरी गाडी बनवणारा जबाबदार आहे असा निर्णय दिला. आपल्याकडे कामगार नुकसानभरपाईचा कायदा 1923 साली आला.

आता आपल्या घरचा कायदा पाहू. 1872 चा करार कायदा आजही चालू आहे. त्याच्या 17 व्या कलमात फसवणूक कशाला म्हणावे ते सांगितले आहे, आणि खाली उदाहरणे दिली आहेत. उदाहरण घोड्याचे! लिलावात एकाने दुसऱ्याला घोडा विकला. घोडा खोडाचा आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, पण तो काही बोलला नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. घेणारी व्यक्ती विकणाऱ्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळे सांगण्याचे कर्तव्य येते. तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे. घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हटले नाहीत, तर घोडा निकोप आहे असे मी समजेन.' विकणारा गप्प राहिला. येथे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच धरले जाते.

या तीन उदाहरणांत आपला सारा विषय आहे. नुसते मौन हा गुन्हा नाही, प्रश्न विचारल्यानंतरचे मौन हा गुन्हा आहे. त्याच कलमात आणखी एक शब्दयोजना आहे, ती म्हणजे माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून झाकणे. रंगाखाली दडवलेला सांधा, मागे फिरवलेला काटा, हे मौन नव्हे. ही कृती आहे. दात कोरणाऱ्याने तोंड उघडले नाही म्हणून तो निर्दोष ठरत नाही. 1930 साली मालविक्रीचा स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या 16 व्या कलमाने, त्या मालाचाच धंदा करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विकण्याजोगा असला पाहिजे, अशी अट गृहीत धरली. पण घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते असे दोष त्यातून वगळले. म्हणजे वाकलेला बंपर तुमच्या माथी, बंपरच्या आतले विकणाऱ्याच्या.

धंदेवाला आणि साधा गृहस्थ यांतला भेद इंग्लंडातील दोन खटल्यांत फार चांगला दिसतो. दोन्हींत न्यायमूर्ती डेनिंग होते. 1957 च्या खटल्यात एका गृहस्थाने आपली मॉरिस गाडी 1948 ची म्हणून एका मोटार-व्यापाऱ्याला दिली आणि तिचे 290 पौंड धरून घेतले. नोंदणी-पुस्तकात तसेच लिहिले होते. पुस्तकात आधीच कोणीतरी खाडाखोड केली होती आणि गाडी निघाली 1939 ची, किंमत 175 पौंड. व्यापारी हरला. गृहस्थाने कागदावरचे वाचून सांगितले, खरे शोधण्याचे साधन व्यापाऱ्याकडे होते. 1965 साली उलटे झाले. व्यापाऱ्याने एक बेंटली गाडी विकताना सांगितले, की नवे इंजिन आणि गिअरबॉक्स बसवल्यापासून ती वीस हजार मैलच चालली आहे. ती एक लाखाच्या आसपास चालली होती. येथे व्यापारी हरला, कारण गाडीचा इतिहास काढणे त्याला शक्य होते. ज्याला कळू शकते त्याच्यावर ओझे. हाच रोमच्या बाजारातला न्याय, दोन हजार वर्षांचा वळसा घेऊन आलेला.

पण सगळीकडे गाडी पुढेच जाते असे नाही. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने काटा मागे फिरवणे बंद केले. पुढे 1981 साली तेथील व्यापार आयोगाने नियम केला, की जुन्या गाडीच्या काचेवर माहीत असलेले दोष लिहून लावावेत. मोटार-व्यापाऱ्यांनी वजन खर्ची घातले आणि 1982 साली संसदेच्या दोन्ही सभागृहांनी तो नियम फेटाळला. 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की सभागृहांना असा नकाराधिकारच नाही. एवढे झाल्यावर आयोगाने 1984 साली काय केले? दोष लिहिण्याची अट आपणच काढून टाकली. काचेवर कागद राहिला, त्यात हमी आहे की नाही एवढे लिहायचे. संघटित असलेल्यांपुढे असंघटितांचे काय होते, ते पाहायला यापेक्षा दुसरीकडे जायला नको.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या 52 व्या कलमात 2000 साली दुरुस्ती होऊन, कारखान्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये, असे स्पष्ट झाले. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवून हीच गोष्ट ठामपणे सांगितली. गॅसचा संच बसवण्यासारखे बदल परवानगीने होतात, पण त्यांची नोंद पुस्तकात यावी लागते. 2019 च्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला, दर बदलामागे, पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. यातील खोच लक्षात घ्या. बदल सरकारला कळवण्याचे बंधन कायद्याने घातले आहे. गिऱ्हाइकाला कळवण्याचे त्या कलमात नाही. आणि रस्त्यात गाडी अडवली जाते, तेव्हा जाब विचारला जातो तो चाकामागे बसलेल्याला.

आमच्या संघटनेतील एका चालकाने बायकोचे दागिने मोडून, वर कर्ज काढून जुनी गाडी घेतली. गाडीत गॅसचा संच, पुस्तकात मात्र नुसते पेट्रोल. योग्यता तपासणीच्या वेळी ते उघडकीस आले आणि गाडी तीन आठवडे दारात उभी राहिली. विकणाऱ्याचे उत्तर ठरलेले, 'पाहून घेतलीत ना?' 1603 च्या सोनाराने ते ऐकून मान डोलावली असती. हप्ता मात्र तीन आठवडे थांबला नाही.

अशा माणसाला ग्राहक म्हणायचे का, यावरही वाद होता. 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धंद्यासाठी घेतलेला माल वगळला होता. मग टॅक्सी, रिक्षा चालवून पोट भरणाऱ्याचे काय? 1993 च्या दुरुस्तीने सांगितले, की स्वतःच्या कष्टाने उपजीविका करण्यासाठीच घेतलेला माल धंद्याचा समजू नये. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने तर स्वतः रिक्षा चालवणाऱ्याचेच उदाहरण दिले. स्वतः चालवणारा ग्राहक, दुसऱ्याला लावून चालवून घेणारा नव्हे. पुण्यात 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. या चळवळीकडे आम्ही कामगारांतली माणसे बराच काळ मध्यमवर्गाची हौस म्हणून बघत आलो. तो दुरावा निष्कारण होता.

आज लागू आहे तो 2019 चा कायदा, 20 जुलै 2020 पासून. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करावी लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही. पण हे सारे व्यापाऱ्याविरुद्ध. शेजारच्या गृहस्थाने आपली गाडी विकली, तर तो व्यापारी नव्हे. तेथे दिवाणी कोर्ट आणि 1872 चा घोडा हाच आधार. मधले दलाल आता 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांनी नोंदणीखाली आले आहेत. गाडी विक्रीसाठी त्यांच्या ताब्यात असेपर्यंत त्यांनाच मालक मानले जाते, हे बरे झाले.

म्हणून आमच्या कचेरीत एक साधा कागद छापून ठेवला आहे. इंजिन बदलले आहे काय, इंधनाचा संच बसवला किंवा काढला आहे काय, चेसिसला जोड आहे काय, काटा उघडला आहे काय, आणि यांतील प्रत्येक गोष्ट नोंदणी-पुस्तकात चढवली आहे काय. खाली एकच ओळ आहे: आपण नाही म्हटले नाही, तर गाडी कारखान्यातून निघाली तशीच आहे असे मी समजेन. गाडी पाहायला जाताना चालकाने तो बरोबर न्यायचा आणि बयाणा देण्यापूर्वी विकणाऱ्याची सही घ्यायची. काही विकणारे सही करतात. काही जण कागद वाचतात आणि गाडी दुसऱ्यालाच द्यायची ठरली आहे म्हणून सांगतात.