डॅमासाडिनियम कॅलिफोर्निकम

डायनोफ्लॅजेलेट गटातील एका नामशेष सागरी एकपेशीय सजीवाची जीवाश्म पुटी. गण गोनिओलॅकेलीझ. आजच्या डायनोफ्लॅजेलेटांपैकी साधारण 15 टक्के जातीच टिकाऊ पुटी तयार करतात. बाकीच्यांचा खडकांत मागमूस राहत नाही. पुटीची भित्ती डायनोस्पोरिन या चिवट सेंद्रिय द्रव्याची असते. खडकाचा चुरा हायड्रोफ्लोरिक अम्लात विरघळवला तरी ती शाबूत उरते, आणि मग काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते.

अशा पुट्यांनी अभ्यासकांना शंभरावर वर्षे चकवले. 1830 च्या दशकात एहरेनबर्ग यांनी चकमकीच्या दगडात काटेरी गोळे पाहिले आणि ते गोड्या पाण्यातील डेस्मिड शैवलांच्या झँथिडियम प्रजातीत घातले. पुढे 1933 मध्ये ओटो वेट्झेल यांनी त्यांना ‘हिस्ट्रिकोस्फिअर’ म्हटले; कुळ मात्र अज्ञातच राहिले. 1961 मध्ये विल्यम एव्हिट यांनी उलगडा केला: काट्यांची मांडणी डायनोफ्लॅजेलेटाच्या चिलखती पट्टिकांशी जुळते, आणि भित्तीतले भोक ही मोडतोड नसून ठरावीक पट्टिका निखळून झालेले, जीव बाहेर पडण्याचे दार आहे. तेव्हापासून वर्गीकरणात पहिला मान या दाराला व पट्टिकांच्या मांडणीला मिळतो. काट्यांच्या लांबीवर फार विसंबू नये हेच बरे. लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरम या जातीत ती पाण्याच्या क्षारतेनुसारही बदलते.

नामकरण वनस्पतिशास्त्रीय संहितेनुसार होते. वर्णनासोबत एक नमुना नामाधार म्हणून नेमून जपावा लागतो. पुढे जातीची प्रजाती बदलली तरी तो बदलत नाही. प्रस्तुत जातीचे वर्णन ड्रग यांनी 1967 मध्ये कॅलिफोर्नियातील मोरेनो शैलसमूहातून ‘पाल्मनिकिया कॅलिफोर्निका’ या नावाने केले. स्टोव्हर व एव्हिट यांनी 1978 मध्ये ती डॅनिया प्रजातीत हलवली. फेन्सम व सहकाऱ्यांच्या 1993 च्या वर्गीकरणात ती डॅमासाडिनियम झाली. जुन्या तक्त्यांत तिन्ही नावे सापडतात, ती एकाच जातीची.

तिचे महत्त्व काळाशी निगडित आहे. क्रिटेशस संपून डेनियन काल सुरू झाल्यावर लवकरच ती अवतरते, म्हणून सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या सीमेलगतचे थर ओळखायला ती उपयोगी पडते. दख्खनचे लाव्हाही साधारण याच सुमाराचे. छत्रपती संभाजीनगरजवळ वेरूळचे कैलास लेणे ज्या बेसाल्टात कोरले आहे, तो त्याच उद्रेकमालिकेतला. मात्र या परिसरात ही पुटी शोधण्यात अर्थ नाही: बेसाल्ट हा थंड झालेला लाव्हा, आणि दख्खनच्या लाव्हाथरांमधले गाळाचे पट्टे बहुतांशी गोड्या पाण्याच्या तळ्यांचे. भारतात त्या सीमेचे सागरी थर पाहायचे तर मेघालयातील उम सोहरिंगक्यू नदीकाठी जावे लागते.