मेलेली रुई

दारव्ह्याला आमच्या अंगणात पिंजारी यायचा तो थंडीच्या तोंडाशी. आजी जुन्या गाद्या उसवून ठेवायची. धनुकलीची तात तुणतुणायची, रुई उडायची. मधेच तो मूठभर रुई चिमटीत ओढून बघे आणि बाजूला टाकत म्हणे, "ही मेली, मायबाई."

मेली म्हणजे काय, हे मला पुढे रसायनशास्त्र शिकवताना उमगलं. सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा तंतू चपट्या, पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो. त्या पिळामुळेच सुतातले तंतू एकमेकांना धरून राहतात. वापरून, धुऊन, झोडपून तंतू तुटतात, आखूड होतात. आतलं सेल्युलोज मात्र बरंचसं शाबूत असतं.

कागद करणाऱ्या कागद्यांच्या हाताला हे सेल्युलोज, त्याचं नाव जन्मायच्या कितीतरी आधी, ठाऊक होतं. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांचा कागद होत आला. 1934 नंतर वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघानं हातकागदाला पुन्हा उभं केलं. चिंधी भिजवून कुटली की तंतूची साल उसवते आणि केसाहून कितीतरी बारीक तंतुक बाहेर येतात. ओले असताना ते एकमेकांत गुंततात, वाळताना घट्ट चिकटतात. कागद उभा राहतो तो या गुंत्यावर. खळ लागते ती शाई फुटू नये म्हणून. आज कापडाच्या कचऱ्यापासून सूक्ष्मतंतू काढणारे आम्लानं आणि यंत्रानं त्याच वाटेनं आणखी आत जातात.

आमच्या यवतमाळच्या कापसाच्या गाठी शकुंतला आगगाडीनं मूर्तिजापूरला जायच्या, तिथून मुंबई, मँचेस्टर. तंतूची लांबी, ताकद, बारीकपणा मोजणारी प्रयोगशाळा निघाली तीही 1924 साली, माटुंग्याला. पऱ्हाटी आमची, पण तिच्या आत काय आहे ते पाहणारं भिंग रुळांच्या पार दुसऱ्या टोकाला. मला हे अजून सलतं.

म्हणून निवृत्तीच्या वर्षी वर्गातल्या मुलींना आजीच्या लुगड्याची चिंधी दिली. कॉस्टिक सोड्यात उकळली, धुतली, सौम्य आम्लात गरम केली, पुन्हा धुऊन मिक्सरमध्ये फिरवली. दुधासारखं पांढरं पाणी झालं. काचपट्टीवर फितीचे बारीक तुकडे दिसले, कडांना कुसळं फुटलेली.

मग एकीनं भावाचा टेरिकॉटचा सदरा आणला. आम्लानं त्यातल्या कापसाचा भुगा झाला. मागे राहिली पॉलिएस्टरची जाळी, काचेच्या कांड्यांसारखे गुळगुळीत, बिनपिळाचे धागे. मुली ती हातात घेऊन ताणत होत्या, तुटत नव्हती.